त्याग की तोटा?

आपल्या समाजात म्हातारपणी कमी खाणाऱ्या माणसाचं फार कौतुक होतं. चार घास खाऊन ताटावरून उठणाऱ्या आजीबाईंकडे बघून बायका हात जोडतात. "आता कशातच मन राहिलं नाही हो त्यांचं," असं म्हणतात, आणि म्हणताना आवाजात खरा आदर असतो. तप आणि त्याग हे शब्द ऐकतच आपण लहानाच्या मोठ्या झालो, त्यामुळे तो आदर आपोआप येतो. पण मैत्रिणींनो, आज मला एवढंच सांगायचं आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा घास कमी झाला, तर हात जोडण्याआधी एकदा त्यांच्या तोंडात बघावं. हे मी गमतीनं म्हणत नाही.

हा लेख माझ्या सासूबाईंबद्दल आहे. आम्ही सगळे त्यांना आत्ती म्हणतो. वय 84. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण माझा फोटो घालू नकोस," एवढीच त्यांची अट.

आत्तींचे सगळे दात जाऊन आता 11 वर्षं झाली. पायोरियानं एकेक दात हलायला लागला, शेवटी उरलेले काढून टाकले आणि वरची-खालची पूर्ण कवळी आली. सुरुवातीची काही वर्षं कवळीनं चांगली साथ दिली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, सगळं त्या खायच्या. आम्ही सांगलीचे, त्यामुळे भाकरी-चटणीशिवाय जेवण झालं असं वाटतच नाही. मंदिरात बायकांच्या भक्तामर पाठाला आत्तींचा आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा. 48 श्लोक, आणि एकही जोडाक्षर गिळलेलं नाही. नव्या सुना त्यांच्या शेजारी बसून उच्चार शिकायच्या.

गेल्या दोनेक वर्षांत हे सगळं हळूहळू बदलत गेलं. आधी भाकरी कमी झाली. मग चटणी-लोणचं बंद झालं. मग त्या जेवायला आमच्याबरोबर बसेनात, ताट खोलीत मागवायला लागल्या. पाठाला जायच्या, पण मागे बसून मनातल्या मनात म्हणायच्या. घरात बोलणंही कमी झालं. थंडीत आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आत्ती पाचलाच जेवायला बसायच्या, आणि तरी सूर्यास्ताच्या आत जेवण संपायचं नाही. रात्रीभोजन त्यांनी जन्मात केलेलं नाही, त्यामुळे वेळ झाली की हात थांबायचा. ताटात उष्टं टाकणंही त्यांना चालत नाही. मग त्यांनी वाढूनच कमी घ्यायला सुरुवात केली. अर्धी भाकरी, मग पाव, मग नुसता दूधभात.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत, ती आपल्याला पाठ असतात. त्यांतलं अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, रसपरित्याग म्हणजे रस सोडणं, विविक्त शय्यासन म्हणजे एकांतात राहणं. आता बघा, आत्तींचं वागणं यात किती बरोबर बसत होतं. कमी खातात, चटणी-लोणचं सोडलं, एकट्या बसतात, वर मौन. मंदिरातल्या बायका म्हणायच्या, "किती पुण्यवान जीव!" माझी नणंद इचलकरंजीहून फोनवर म्हणाली, "वहिनी, आईला वैराग्य आलंय. तिला काही आग्रह करू नका." आमचे हे म्हणाले, "वय झालं आता तिचं." प्रत्येकाचं म्हणणं मायेचंच होतं.

मला मात्र हिशेब लागत नव्हता. मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घरचा रोजमेळ लिहिते आहे, आणि जमा-खर्च जुळला नाही तर मला झोप लागत नाही. आत्तींच्या रक्तदाबाच्या फाइलीत दर वेळचं वजन लिहिलेलं असतं. ते मी ओळीनं एका कागदावर उतरवून काढलं. दीड वर्षात 51 किलोवरून 45 वर आलं होतं. मग त्याच कागदाच्या मागे दोन रकाने आखले. डावीकडे आत्तींनी सोडलेले पदार्थ, उजवीकडे अजून खातात ते.

डावीकडे आलं: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, काकडी, पेरू, सफरचंद, उसळी, भडंग. उजवीकडे आलं: दूधभात, तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, शिरा, केळं, गूळ घालून मऊ केलेली लापशी.

आता रसपरित्यागात रस म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. नियम घेणारा माणूस यातलं काहीतरी सोडतो. आत्तींनी यातलं एकही सोडलं नव्हतं. दूध होतं, तूप होतं, गूळ-साखर होती. सुटलं होतं ते सगळं कडक, दाणेदार नाहीतर झोंबणारं. असा त्याग कुठल्याच शास्त्रात सांगितलेला नाही. हा रकाना मनानं आखलेला नव्हता, तोंडानं आखलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन मी सरळ विचारलं, "आत्ती, तुम्ही नियम घेतलाय का? कुणासमोर घेतला? किती दिवसांचा?" कारण नियम असा मोघम नसतो. देवासमोर किंवा महाराजांसमोर, शब्द उच्चारून, मुदत ठरवून घेतात. मुदत संपली की तो पूर्ण होतो.

आत्ती थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नियम कसला गं. चावता येत नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"काय बोलायचं? या वयात नवी कवळी म्हणजे खर्च. आणि किती दिवस वापरणार मी ती? लोक चांगलंच म्हणत होते. म्हटलं, असू दे."

हे ऐकून मला रडू आलं आणि हसूही आलं. मग त्यांनी कवळी काढून रुमालावर ठेवली आणि मी बॅटरीच्या उजेडात त्यांचं तोंड बघितलं. वरच्या टाळूवर कवळीचा जेवढा भाग टेकतो, तेवढाच भाग लालभडक होता, जणू कुणी आखून रंगवावा तसा. खालच्या हिरडीवर आतल्या बाजूला एक जखम. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा. ते कोपरे मी रोज बघत होते आणि रात्री तूप लावायला देत होते. थंडीनं फुटले असं त्या सांगायच्या.

आम्ही त्यांना मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण तिनं आत्तींना अगदी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. तिनं सांगितलेलं मला जसं समजलं तसं इथं लिहिते, कारण हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

दात असतात तोवर जबड्याच्या कडेचं हाड दातांना धरून असतं. दात गेले की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त झिजतं, पण पुढेही जन्मभर थोडं थोडं झिजतच राहतं. खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. कवळी मात्र आहे तेवढीच राहते. म्हणजे ज्या दिवशी माप घेतलं त्या दिवसाच्या हिरडीवर ती बसते, पाच-सात वर्षांनंतरच्या हिरडीवर बसत नाही.

मला लगेच कॉलेजातला घसाऱ्याचा धडा आठवला. इमारतीवर घसारा काढायचा, यंत्रावर काढायचा, फर्निचरवर काढायचा. जमिनीवर काढायचा नाही, कारण जमीन झिजत नाही. तोंडातला हिशेब नेमका उलटा आहे. इथं इमारत तशीच राहते आणि खालची जमीन झिजत जाते. मग चांगली बांधलेली इमारतसुद्धा डुगडुगणारच. यात कवळी करणाऱ्याचा दोष नाही आणि वापरणाऱ्याचाही नाही.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी. खालच्या कवळीला टाळूसारखी मोठी जागा मिळत नाही, शिवाय मध्ये जीभ सतत हलत असते, म्हणून ती आधी सुटते. वय झालं की लाळ कमी होऊ शकते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. मग पकड आणखी कमी. बोलताना कवळी उचलली जाते, 'स' शिट्टीसारखा येतो, 'त', 'थ' नीट फुटत नाहीत. आत्ती पाठाला मागे का बसत होत्या ते मला तिथं त्या खुर्चीशेजारी उभं असताना कळलं. ज्यांच्याकडून लोक उच्चार शिकले, त्यांना स्वतःचा उच्चार ऐकवत नव्हता.

टाळूवरची लाली ही बुरशीची होती. सैल कवळी घासत राहते, आणि आत्ती ती रात्रीही काढत नव्हत्या. बिनदाताचं तोंड कुणी बघू नये म्हणून. ओठांच्या चिरांचंही कारण तेच. हाड झिजलं आणि कवळीचे दातही झिजले की वरचा-खालचा जबडा जास्त जवळ येतो, गाल आत जातात, ओठांच्या कोपऱ्यात घडी पडते. त्या घडीत लाळ साचून कातडी ओली राहते, तिथं बुरशी धरते. तुपानं ते बरं होणार नव्हतं. कडक पदार्थांचे कण, शेंगदाण्याचा कूट, पेरूच्या बिया सैल कवळीखाली जातात आणि हिरडीवर खड्यासारख्या रुततात. म्हणून खोलीत एकटीनं जेवण. मध्येच कवळी काढून धुवावी लागायची, ती चारचौघांत कशी काढणार?

म्हणजे अवमौदर्य, रसपरित्याग, विविक्त शय्यासन आणि मौन, या चारही गोष्टींचं कारण रुमालावर ठेवलेलं होतं.

उपाय लगेच झाला नाही, हेही सांगते. सुजलेल्या हिरडीचं माप घेतलं तर तेही चुकीचंच येणार. म्हणून आधी बुरशीचं औषध दिलं, जुन्या कवळीला आतून तात्पुरतं मऊ अस्तर घातलं आणि रात्री कवळी काढून ठेवायला सांगितलं. हिरडी बरी झाल्यावर पुढचं. दात चांगले असतील तर जुन्याच कवळीला नव्या मापानं आतून कायमचं अस्तर घालता येतं. त्याला रिलाइनिंग म्हणतात. आत्तींच्या कवळीचे दात पार सपाट झाले होते, म्हणून नवी करायची ठरली. दोनदा माप, मग चावा कसा बसतो त्याची नोंद, मग मेणात बसवलेले दात लावून बघणं, मग तयार कवळी. पाच फेऱ्या झाल्या, आणि नंतर टोचतं तिथं घासून घ्यायला आणखी दोन.

नवी कवळी आली म्हणजे खरे दात आले असं नाही. पूर्ण कवळीनं चावायचा जोर खऱ्या दातांच्या मानानं फारच कमी असतो, पाव हिश्शाच्या आसपास. पहिले काही दिवस आत्ती वैतागल्या. "जुनीच बरी होती," असंही म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी एकदम चावा, पुढच्या दातांनी तोडू नका, आणि रोज मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचायला काय, तर भक्तामरच. सकाळी गॅलरीत बसून त्या एकेक श्लोक म्हणायच्या. अडखळल्या की परत पहिल्यापासून. पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरात ऐकू आलं तेव्हा जोडाक्षरं पुन्हा जागेवर होती.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. आपल्याकडे साठलेल्या पाण्यात जीव होतात म्हणून पाण्याची मर्यादा पाळतात. आम्ही उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घेतो आणि रोज बदलतो. डॉक्टरांना ही पद्धत फार आवडली. गरम पाणी मात्र अजिबात नको, त्यानं कवळीचा आकार बिघडतो. घासायला मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्टनं ओरखडे पडतात आणि त्यात घाण धरते. सैल झाली म्हणून रोज चिकटवायची पावडर वाढवत नेणं हा उपाय नाही. टोचते म्हणून घरी कानशीनं घासणं तर मुळीच नको. वर्षातून एकदा, दुखत नसलं तरी, कवळी आणि तोंड दोन्ही दाखवून यायचं. आणि तोंडातली जखम कवळी दुरुस्त करूनही दोन आठवड्यांत भरली नाही, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. विशेषतः ज्यांनी कधी मशेरी किंवा तंबाखू लावली असेल त्यांनी. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयात कवळी बरीच स्वस्तात होते. फक्त फेऱ्या जास्त होतात. आणि ज्यांचं वय थोडं कमी आहे, हाड बरं आहे, त्यांच्यासाठी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवायची सोयही असते. ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

खर्चाबद्दल आत्तींचा प्रश्न होता, किती दिवस वापरणार? मी त्यांना म्हटलं, "आत्ती, दिवसाला तीन वेळा वापरणार, याचा हिशेब करा." त्यावर त्या हसल्या, आणि हसताना तोंडावर पदर घेतला नाही.

यात एक नाजूक मुद्दा आहे, तो टाळत नाही. 84 वर्षांच्या माणसाचा आहार घटताना दिसला की आपल्या लोकांच्या मनात सल्लेखनेचा विचार येतो. कुणी बोलत नाही, पण येतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची कारणं सांगितली आहेत. संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग. पण त्याला एक शब्द जोडलेला आहे, तो म्हणजे ज्यावर काही इलाज नाही असं. तो शब्द फार मोठा आहे. ज्यावर इलाज आहे, त्याला शेवट समजू नये, हेच त्यात सांगितलेलं आहे असं मी समजते. सैल कवळीवर इलाज आहे. आणि सल्लेखना जाणतेपणी, प्रसन्न मनानं, विचारून घ्यायची असते. चावता येत नाही म्हणून खोलीत एकटीनं उपाशी राहणं वेगळं.

परवाच्या भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं. पंचमीच्या सकाळी आत्ती मंदिरात उभ्या राहिल्या आणि दहा दिवस गोड सोडण्याचा नियम घेतला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असा. आत्तींना गोडाची किती आवड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गेली दोन वर्षं तर त्या शिरा-लापशीवरच होत्या. दहा दिवस त्या आमच्याबरोबर ताटावर बसल्या, भाकरी आमटीत मोडून खाल्ली, बारीक कुटलेली चटणी खाल्ली आणि सूर्यास्ताच्या आत ताट स्वच्छ करून उठल्या. उत्तम त्यागाच्या दिवशी पाठाला पुन्हा पुढे बसल्या. वजन आता 48 आहे.

गंमत अशी की या वेळी कुणी त्यांना हात जोडले नाहीत. पोटभर जेवणारी, बोलणारी, सुनांचे उच्चार सुधारणारी बाई तप करते आहे हे लोकांच्या लक्षात आलं नाही. आत्तींना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र हिशेब जुळल्याचं समाधान झालं. हातात असलेलं मनानं सोडलं तर तो त्याग. हातातून निसटलं तर तो तोटा, आणि तोटा भरून काढता येतो का ते आधी बघायचं असतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी सासूबाई, आई, आत्या, मोठ्या जाऊबाई कुणी कवळी वापरत असतील, तर "जेवलात का?" एवढंच विचारू नका. त्याला त्या 'हो' म्हणतात. "चावतंय का?" असं विचारा. आणि उत्तर आलं नाही, तर गेल्या वर्षी त्या काय खायच्या आणि आता काय खातात, याचे दोन रकाने कागदावर लिहून बघा.

जय जिनेंद्र.